माणची माती लागलेली नाणी

वस्तुसंग्रहालयात बाईमाणसाला काय काम असतं, असं मला आमच्या आळीतल्या पुष्कळ जणींनी विचारलं आहे. खरं उत्तर, केर काढायचं. साताऱ्यातल्या एका जुन्या दगडी इमारतीत मी साठ-एकसष्ट सालापासून केर काढला, काचा पुसल्या, पावसाळ्यात कपाटांतून डांबराच्या गोळ्या ठेवल्या. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. महिला मंडळाच्या मुली दिवाळीचा हस्तलिखित अंक काढतात, त्यात तुमच्या नोकरीबद्दल लिहा म्हणून मागं लागल्या, तेव्हा ही वही घेतली. अंकाला देईन की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

आमच्याकडं दोन दालनं होती. बाहेरच्या दालनात दगड म्हणजे वीरगळ, हात तुटलेला विष्णू, सोंड गेलेला गणपती. आतल्या दालनात ताम्रपट, ठासणीच्या बंदुका आणि नाण्यांची कपाटं. येणारा माणूस पहिला प्रश्न हमखास विचारायचा, "म्हाराजांची तलवार कुटं हाय?" आमच्याकडं तलवार होती, पण कुणाची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दारावर सुभेदारकाका असायचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. ते न अडखळता सांगायचे, "म्हाराजांची न्हाई, पर त्यांच्या गड्याची आसंल. तुमच्या-आमच्यासारख्या. बगा, मूठ केवडी बारीक हाय." मग लोक आपली मूठ त्या मुठीशी ताडून बघायचे आणि खूश होऊन जायचे.

आत देव आहेत म्हटल्यावर लोक चपला काढायचे, बायका विष्णूला कुंकू लावायच्या. संध्याकाळी ते ओल्या फडक्यानं पुसायचं काम माझं. आमचे लोक छप्पन साली बौद्ध झालेले. ज्या देवांना माझ्या आजीनं देवळाच्या बाहेर लांब उभं राहून हात जोडले, त्यांची नाकं-कान मी रोज पुसत होते. पहिला आठवडा भीतीच वाटायची. मग मास्तर एकदा जाता जाता म्हणाले, "हौसाबाई, विष्णूच्या कानामागं कोळी घर करतो, तिथं ब्रश फिरवत जा." त्यानंतर भीती गेली. ज्याच्या कानामागचा कोळी आपण काढायचा, त्याला किती भ्यायचं?

मास्तर म्हणजे संग्रहालय सांभाळणारे. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. त्याच हायस्कुलात माझा भाऊ शिपाई, त्याच्या शब्दावर मला काम मिळालं. मी माहेरची माणची, दहिवडीच्या पलीकडची. सासर कृष्णाकाठचं, सांगलीजवळ. मालक माधवनगरच्या गिरणीत होते. ते वारल्यावर भाऊ साताऱ्याला घेऊन आला. सासरी मला अकरा वर्षं 'दुष्काळी' म्हणत. पाहुण्यांसमोर ताटात भाकरी राहिली तरी म्हणत, "माणची हाय, टाकायची न्हाई ती." मी काही बोलत नसे. मला तेव्हाही बोलता येत नव्हतं आणि नंतरही फारसं आलं नाही.

मास्तरांनी माझ्याशी पहिल्यापासून असं वागायला सुरुवात केली की जणू मीही तिथं शिकायला आले आहे. दुपारी गर्दी नसली की एखादं नाणं तळहातावर ठेवून हाक मारायचे. नाणं कडेनं धरायचं, त्याच्या छापाला बोट लावायचं नाही, कारण बोटाचा घाम त्याला खातो. शिशाच्या नाण्याला लाकडी पेटीत पांढरा रोग धरतो, म्हणून ती कागदात. सगळ्यात जुनी तीच, सातवाहनांच्या काळातली. बोराएवढी, काळी, बघणारा दुसऱ्यांदा बघणार नाही अशी. मास्तरांनी भिंग दिलं. त्यात तीन कमानींचा डोंगर दिसला.

"हा डोंगर बघा. कऱ्हाडच्या डोंगरात भिक्खूंसाठी लेणी कोरली गेली, त्या काळातलं हे नाणं," ते म्हणाले. "एखाद्या पाथरवटाच्या कनवटीला असेल."

मी घरी जाऊन भावाला सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्या वस्तीतली वीस-बावीस माणसं धुतलेले कपडे घालून आली. मास्तरांनी प्रत्येकाला भिंगातून दाखवलं, अगदी माझ्या वहिनीच्या कडेवरच्या पोरीलासुद्धा. सुभेदारकाकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं आणि 'एक कदम आगे' म्हणत होते.

नाण्यांबद्दल बाहेरच्या माणसाला एकच गोष्ट कळली तरी पुरे. नाणं म्हणजे निम्मीच वस्तू. उरलेली निम्मी ते ज्या पाकिटात ठेवतात त्यावर असते. कुठल्या गावी, कुणाच्या रानात, किती खोल, कशात, बरोबर काय होतं. ते लिहिलेलं नसलं तर ते नाणं मोडीच्या तांब्यापेक्षा फार वेगळं राहत नाही. "राजाचं नाव नाण्यावर असतंच," मास्तर म्हणायचे, "ते कुणीही वाचेल. ज्याला सापडलं त्याचं नाव आपण लिहिलं नाही तर कुणी लिहिणार नाही."

दोन-तीन वर्षांनी माणमध्ये दुष्काळी कामं निघाली. आमच्या माहेरच्या शिवारात बांध घालायचं काम चाललं होतं, तिथं मातीत मडकं फुटलं आणि नाणी निघाली अशी बातमी आली. जमिनीत सापडलेलं धन सरकारात कळवावं लागतं असा कायदा आहे. मामलेदार कचेरीचा माणूस जाऊन आला, त्याला कुणी दाद दिली नाही. मास्तर दोनदा एसटीनं जाऊन आले. पुरुष म्हणाले, बायकांस्नी इचारा. बायका म्हणाल्या, आमास्नी काय ठावं? तिसऱ्या वेळी मास्तर मला घेऊन गेले.

बांधावर बायका माती वाहत होत्या. दुपारची सुट्टी झाली तेव्हा त्या बाभळीखाली बसल्या. दहाजणी एका बाजूला, त्यांचा पाण्याचा डेरा त्यांच्याजवळ. आमच्या वस्तीच्या चौघी जरा लांब, त्यांची घागर वेगळी. माझी चुलती केराबाई त्या चौघींत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. विचारायला काही सुचेना. तिनं अर्धी भाकर दिली, ती खाल्ली. सुट्टी संपली, त्या उठल्या, मीही उठून टोपल्या भरू लागले. मास्तर लांब दगडावर छत्री घेऊन बसले होते. दिवस कलायला आला तरी मी एक शब्द काढला नव्हता.

शेवटी त्या दहा जणींतली एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. अंगानं काटक, कपाळभर आडवं गोंदण. ती तानुबाई. गावात सगळे तिला तानाआत्या म्हणत.

"काय गं, केरीची पुतनी न्हवं तू? बोलायला आलीयास का रोजगाराला आलीयास?"

"बोलायलाच आले, आत्या."

"मग बोल की. का त्या छत्रीवाल्यानं जीब काडून घेतलीया?"

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "नाणी बघायची हुती."

"बगून काय करतेस?"

"तिथं काचेत ठेवत्यात. गावाचं नाव लिहित्यात. कुणाला घावली त्येचं नाव लिहित्यात."

तानाआत्या माझ्याकडं बघत राहिली. "नाव लिवत्यात? आन् पोलिस?"

"पोलिस न्हाई येत. ते मास्तर हायत. त्यास्नी माणसाला रागवायलाच येत न्हाई."

मग तिनं सांगितलं ते असं. मडकं तिच्या टोपलीत फुटलं होतं. मुकादम पलीकडं विडी ओढत होता, तेवढ्यात बायकांनी नाणी ओच्यात घेतली आणि तिथल्या तिथं चौदा जणींत सारखी वाटली. आमच्या चौघींनासुद्धा सारखीच. पाण्याच्या घागरी वेगळ्या होत्या, पण भुईतलं धन एकटीनं खाल्लं तर घरावर दोष येतो आणि सगळ्यांनी वाटून घेतलं तर दोष वाटला जाऊन पातळ होतो, असं आमच्याकडं मानतात. त्या वाटणीत कुणी जात काढली नव्हती. नाणी कुणी तान्ह्या पोराच्या गळ्यात बांधली होती, कुणी पाळण्याच्या दोरीला, कुणी कणगीच्या तळाला टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौदाही जणी नाणी घेऊन बांधावर आल्या. मास्तरांनी विचारलं, मडकं कुणाला सापडलं? सगळ्यांनी तानाआत्याला पुढं ढकललं. मास्तरांनी वहीत तिचं नाव, गावाचं नाव आणि 'बांधाच्या कामावर मातीच्या टोपलीत' असं लिहून घेतलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मस्टरवर नुसता आंगटा असतुया माजा. हे बरं हाय. पुसायचं न्हाई बरं का. मी येनार हाय बगायला."

"नाही पुसणार," मास्तर म्हणाले. मीही मान हलवली.

सरकारी सोपस्कार होऊन ती एकसष्ट नाणी आमच्याकडं राहिली. तांब्याची, बहामनी काळातली. आमच्याकडं तशीच त्र्याऐंशी नाणी आधीपासून होती, तीही बहामनी, सांगलीच्या बाजूला नदीकाठी वीटभट्टीच्या गाळात सापडलेली. दोन्ही शेजारी शेजारी दोन ताटांत मांडली. माणच्या नाण्यांखाली गावाच्या नावाची चिठ्ठी लागली तेव्हा मला फार बरं वाटलं. माणचं म्हणून कुणी काही काचेत ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. पाहुणे यायचे तेव्हा मी मुद्दाम तीच काच पुसत राहायचे.

आता माझी चूक सांगते. दिवाळी आली. आमच्यात दिवाळीच्या आधी घरातलं सगळं तांबं-पितळ चिंचेनं घासतात. काळी भांडी ठेवून दिवाळी केली तर बाई आळशी. मला वाटलं, माझ्या माहेरची नाणी अशी काळी-पांढरी, मातीनं बरबटलेली काय म्हणून राहावीत? मास्तर दोन दिवस पुण्याला गेले होते. वाटीत चिंच भिजवली. माणच्या ताटात शेवटच्या ओळीत चार नाणी होती ती घेतली, आणि भेद नको म्हणून गाळाच्या ताटातल्या शेवटच्या ओळीतली पाचही घेतली. अंगठ्यानं घासली, राखेनं उजळली. काय झळकली म्हणून सांगू! पोराच्या हातातल्या नव्या बिंदल्यांसारखी. सुभेदारकाकासुद्धा म्हणाले, "वा, परेडला उभी केल्यावानी दिसत्यात."

बाकीची नाणी मास्तर आल्यावर घासायची ठरवून मी थांबले होते. मास्तर आले, ताटाशी गेले आणि खुर्ची ओढून बसले.

"हौसाबाई, चिंच?"

"व्हय."

"अजून किती भिजवलीय?"

"सगळ्यास्नी पुरंल एवढी."

"ती आमटीत घाला," ते म्हणाले. मग उठून भिंग आणलं. आधी एक घासलेलं नाणं दाखवलं, मग एक न घासलेलं. न घासलेल्या अक्षरांच्या खाचेत पांढरी कणी बसली होती. "ही काय आहे?"

"चुनखडी. आमच्या माणची."

"आणि ह्या दुसऱ्या ताटातल्यावर?"

"नदीचा गाळ."

"हे तुम्हाला बघताक्षणी कळलं. मला कळायला पुस्तक उघडावं लागलं. हा मळ नव्हे. हे नाणं पाचशे वर्षं कुठं झोपलं होतं त्याची खूण आहे ती. ह्या नवांची खूण गेली."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी वहीत 'नऊ नाणी साफ झाली' एवढंच लिहिलं, कुणी केली ते लिहिलं नाही. मी मात्र त्या दिवसापासून नाण्यांची माती बघायला लागले. दुपारी भिंग घेऊन बसायची. माणच्या पांढऱ्या मातीनं मी मुलगी असताना भिंती पोतारल्या आणि सासरी काळ्या गाळानं अकरा वर्षं जमीन सारवली. दोन्ही माझ्या हाताला माहीत होत्या. माणची चुनखडी नखाला करकरते, तिच्यात तांबूस मुरमाचा कण असतो. गाळ नखाखाली लोण्यासारखा चेपतो आणि त्याच्या खाली तांब्याला हिरवा रंग गुळगुळीत चढलेला असतो. नाण्यावर तोंडानं वाफ सोडली की दोन्हींचा वास वेगळा येतो. मास्तर हसायचे, पण कधी नाही म्हणाले नाहीत. उलट नवं काही आलं की आधी मला द्यायचे, "ह्याला जरा वाफ द्या बघू."

सदुसष्ट साली डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पहाटेचा होता. कोयनानगरला काय हाहाकार झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे, आमचं त्यापुढं काहीच नाही. साताऱ्यालाही घरं हादरली. उजाडल्यावर मी संग्रहालयाकडं धावले. सुभेदारकाका दारात काठी घेऊन उभे होते, डोक्यावर चुन्याची भुकटी. विष्णू जागचा हलला नव्हता. वीरगळ आडवा झाला होता. आत नाण्यांचं कपाट तोंडावर पडलं होतं. पाकिटांतली नाणी वाचली, पण दोन्ही ताटांतली नाणी एकात एक मिसळून फरशीभर पसरली होती. काच, चुना, चिठ्ठ्या आणि त्यांत एकशे चव्वेचाळीस तांब्याची नाणी.

मी ती गुडघ्यावर बसून वेचली. नऊ चकचकीत होती ती आधी सापडली.

थोड्या दिवसांनी पुण्याहून पुरातत्त्व खात्याचे एक साहेब पाहणीला आले. उंच, बारीक आवाजाचे, प्रत्येक वस्तूसमोर टोपी काढणारे. इमारतीला तडे गेले होते. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि नाण्यांच्या टोपलीशी येऊन थांबले.

"ह्यांतली माणची कुठली, नदीकाठची कुठली?"

दोन्ही त्याच राजांची, त्याच छापाची. वजनावरून सांगावं तर बारीक तराजू आमच्याकडं नव्हता, वजनं घ्यायची राहिली होती. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"मग ती इथं ठेवण्यात अर्थ नाही," साहेब म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता. "सगळी एका पिशवीत घालून मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात पाठवू. 'सातारा-सांगली भाग' एवढी चिठ्ठी लावतील. उद्या सकाळी मी कागद करतो."

म्हणजे गावाचं नाव गेलं आणि तानाआत्याचंही. पुसणार नाही म्हणून आम्ही दोघांनी तिला सांगितलं होतं. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. इतक्या वर्षांत कधी न पाहिलेलं काहीतरी तिथं होतं. मला वाटतं, त्या वेळी त्यांना आपण म्हातारे झालो असं वाटलं असावं.

मी साहेबांशी बोलले नाही. मास्तरांना हळूच म्हटलं, "मी निवडू का?"

"काय?"

"मातीवरनं. तांदूळ निवडतो तशी."

साहेबांनी ऐकलं. ते हसतील असं वाटलं, पण त्यांनी खुर्ची ओढली. "निवडा की. मास्तर, तुमचं रजिस्टर माझ्याकडं द्या. बाईंना आकडे सांगू नका."

मला आकडे पाठ नव्हते. एकसष्ट आणि त्र्याऐंशी हे मी आज लिहिते आहे ते नंतर ऐकून. मी सूप मागवलं. खिडकीखाली बसले. एक एक नाणं कडेनं धरायचं, उजेडात फिरवायचं, खाचेत नख लावायचं, वाफ सोडायची, वास घ्यायचा. पांढऱ्या मातीचं उजवीकडं, गाळाचं डावीकडं. कुठल्यावर भूकंपाचा चुना बसला होता, तो फुंकरीनं उडायचा. माणची चुनखडी उडत नाही, ती पाचशे वर्षं चिकटलेली असते. दोनदा चुकले आणि दोनदा पुन्हा फिरवून घेतलं. सुभेदारकाका दारातून लोकांना परत पाठवत होते, "आज दर्शन बंद. आत पंचनामा चालू हाय."

दुपार उलटली तेव्हा सूप रिकामं झालं. चकचकीत नऊ मी बाजूला ठेवली होती.

साहेबांनी दोन्ही ढीग स्वतः मोजले. माणची सत्तावन्न, गाळाची अठ्ठ्याहत्तर. रजिस्टर उघडलं. मग नऊ नाण्यांकडं बोट केलं. "आणि ही?"

"ती सांगता यायची न्हाईत."

"का? इतकी सांगितलीत. ही कुठल्याही ढिगात घाला, बेरीज मी लावून घेईन."

मास्तर पुढं झाले. "ती साफ झालेली आहेत. ती चूक माझी आहे, साहेब. माझ्या देखरेखीत..."

आजवर परक्या माणसासमोर मी स्वतःहून एक वाक्य बोलले नव्हते. पण आपल्या हातचं पाप मास्तरांच्या पदरात पडताना बघणं त्याहून अवघड होतं.

"म्या घासली," मी म्हटलं. "चिंचेनं. दिवाळीला. मास्तर पुण्याला हुते. माणच्या ताटात शेवटच्या ओळीला चार हुती, गाळाच्या ताटात पाच. कुठली चार न् कुठली पाच ते आता मला बी कळत न्हाई. त्यांची माती म्याच काढली."

साहेबांनी रजिस्टरावर बोट ठेवलं. सत्तावन्न आणि चार. अठ्ठ्याहत्तर आणि पाच. त्यांनी तो कागद मास्तरांकडं फिरवला. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"बाई," साहेब म्हणाले, "ही नऊही माणचीच म्हणून तुम्ही ढिगात टाकली असती, तर मला काही कळणार होतं का?"

"तुमास्नी न्हाई. मला कळलं असतं."

त्यांनी टोपी काढली. समोर वीरगळ नव्हता, मूर्ती नव्हती, म्हणून मला आधी कळेना कुणासाठी काढली. मग मी सूप उचलून बाहेर गेले आणि उगीचच झटकत उभी राहिले.

दोन्ही ढीग साताऱ्यालाच राहिले. ज्याचे त्याच्या गावाच्या नावानं. नऊ नाण्यांचं तिसरं पाकीट झालं. त्यावर मास्तरांनी लिहिलं, 'ठिकाण नक्की सांगता येत नाही.' ते पाकीट मी आजवर कितीदा हातात घेतलं असेल. त्यांतली चार माझ्या माहेरची आहेत आणि ती ओळखणं माझ्याच्यानं होत नाही, ह्याचं वाईट वाटायचं थांबलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तानाआत्या आली. दहिवडीच्या एसटीनं, एकटी, फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. सुभेदारकाकांनी तिला विचारलं, "काय बगायचं आजी? तलवार?"

"तलवार तू बग," ती म्हणाली. "मला माजं नाव बगायचं हाय."

मी तिला आत नेलं. नव्या काचेखाली माणची सत्तावन्न नाणी होती. तिनं काचेला नाक लावलं आणि तोंड वाकडं केलं. "आगं, लय काळी पडल्यात. हितं कुनी घासत न्हाई व्हय?"

मास्तरांना खोकला आला. मी म्हटलं, "घासायची नसत्यात, आत्या."

"का बरं?"

"त्यांच्यावर आपल्या गावची माती हाय. ती ऱ्हाऊ दिलीया."

तिला ते पटलं असावं, कारण तिनं पुन्हा वाकून पाहिलं. मग मी चिठ्ठी वाचली. गावाचं नाव, तानुबाई, बांधाच्या कामावर मातीच्या टोपलीत. तिनं पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली.

"आन् बाकीच्या?"

"कोण बाकीच्या?"

"चौदा जनी हुतो न्हवं आमी? टोपली माजी, पर भरली चंद्रीनं. उचलून दिली पारूनं. नानी वाटून घेतली चौदा जनीत. दोष वाटून घ्येतला आन् नाव येकटीचं? हे काय बरं न्हाई, मास्तर. गावात तोंड कसं दावू?"

मास्तर म्हणाले, "तानुबाई, चिठ्ठी लहान आहे हो."

"मग मोटी करा की."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मग टेबलावरचं रजिस्टर उघडलं, माणच्या नाण्यांचं पान काढलं, त्याच्या समोरचं पान कोरं होतं. शाईची दौत आणि टाक माझ्याकडं सरकवला. "तुम्ही लिहा, हौसाबाई. माझा हात ह्या नावांना चुकेल." आणि माझ्यावर नजर नको म्हणून ते स्वतः उठून खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले.

तिचं नाव मी आधीच वर लिहिलं. तानाआत्या फरशीवर मांडी घालून बसली आणि बाकीच्यांची सांगू लागली. चंद्राबाई. पारूबाई. हिराबाई मोठी, हिराबाई धाकटी. मी एक एक नाव आडव्या ओळीत, मुलगी शाळेत लिहिते तसं लिहीत होते. दहा झाल्यावर ती थांबली नाही. "आता तुमच्या वाड्याच्या चौगी. गुनाबाई. धोंडाबाई. सारजाबाई. आन् तुजी चुलती, केराबाई." तिनं जरा थांबून आवाज उतरवला. "केरी तर गेली न्हवं श्रावनात. मेल्याल्या मानसाचं नाव चालतंया न्हवं?"

खिडकीशी उभे असलेले मास्तर न वळता म्हणाले, "तानुबाई, ह्या घरात बहुतेक सगळे मेलेलेच आहेत."

"मग लिव," ती मला म्हणाली.

मी लिहिलं. शाई वाळली. तिनं वाचायला सांगितलं. मी एक एक नाव वाचत गेले आणि ती बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत मोजत गेली. मधेच एकदा तिला शंका आली म्हणून पहिल्यापासून पुन्हा वाचावं लागलं. चौदाव्या नावावर तिनं अंगठा उचलला, पदर सावरला आणि भिंतीला हात लावून उठली.

"झालं," ती म्हणाली. "आता लावा कुलूप."